सोबतीचा रकाना

सोमवार, २ सप्टेंबर

आधी सगळ्यांची विचारपूस, मग बाकीचं.

ह्यांचा गुडघा? कुरकुरतोय, पण ह्यांच्यापेक्षा कमी. सूनबाईची सर्दी? उतरली, नाक तेवढं लाल आहे. मुलाचं पित्त? तो चहा सोडत नाही तोवर पित्त त्याला सोडणार नाही. नातीचा हलणारा दात? आज सकाळी पडला आणि तिने तो मलाच तपासायला दिला. शाळेतल्या शिपाईमामांची पाठ? "एकदम बरी आहे," असं ते वाकून म्हणाले, आणि मग त्यांना सरळ होता येईना. मोठ्या बाईंचं डोकं? दुखतंय. मुख्याध्यापिकेचं डोकं दुखायचं थांबलं तर शाळा बंद पडली असं समजावं.

आणि माझी तब्येत? मला कोण विचारतं! म्हणून ही वही. सूनबाईने आणून दिली. म्हणाली, "आई, दिवसभर एवढं बोलता, थोडं लिहीत जा. आमच्या कानांना जरा सुट्टी." तोंडाची फटकळ आहे, पण मनाची लाखात एक.

वहीला माझी ओळख द्यायला हवी. या शाळेत मी आया म्हणून लागले. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, त्यांच्या हाताकडे बघून पट्टी बांधायला शिकले. पुस्तकं वाचली, न कळलेले शब्द डॉक्टरांना विचारले आणि चाळिसाव्या वर्षी परीक्षा देऊन दाखला मिळवला. आता चोवीस वर्षं शाळेचा दवाखाना माझ्याकडे आहे. शिक्षक मला सिस्टर म्हणतात, मुलं सिस्टरआजी. खोली जिन्याच्या पायथ्याशी. दोन खाटा, हात धुवायचं भांडं, काचेचं कपाट, वजनकाटा आणि माझी नोंदवही. तिच्यात सात रकाने: तारीख, नाव, वर्ग, तक्रार, कारण, उपचार, सोबत.

सोबतीचा रकाना माझा स्वतःचा. फार पूर्वी एक मुलगा एकटा दवाखान्याकडे येताना वाटेत चक्कर येऊन पडला आणि तासभर कुणाला कळलं नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: एकट्याने यायचं नाही. वर्गातलं कुणीतरी सोबत आणायचं. शेजारच्या दोन शाळांनीही हा नियम उचललाय. अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू.


गुरुवार, ५ सप्टेंबर

सातवीतली एक मुलगी या आठवड्यात आज दुसऱ्यांदा आली. इतकी बारीक की मी तिला काडी म्हणते. कोपर सोललेलं. सोबत तिच्याच बाकावरची मुलगी. ही दुसरी म्हणजे नुसती तुरतुरी. पाण्याचा पेला भरून देते, कापूस पुढे करते, दार ओढून घेते.

"कशी पडलीस गं?" मी काडीला विचारलं.

काडीने तुरतुरीकडे बघितलं. तुरतुरी म्हणाली, "आजी, ही चालताना समोर बघतच नाही. मैदानात दगडाला अडखळली."

"हो ना?"

काडी म्हणाली, "हो."

अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं. माझ्या धाकट्या बहिणीशिवाय माझ्यासाठी कुणी एवढं पळालं नाही. मी तुरतुरीला दोन गोळ्या दिल्या लिंबाच्या. काडीलाही दिली, तिने ती मुठीतच ठेवली.


गुरुवार, १२ सप्टेंबर

काडीचं पोट दुखत होतं. हल्ली मधल्या सुट्टीआधी दुखतं. गरम पाण्याची पिशवी दिली. सदऱ्याची बाही वर सरकली तेव्हा दंडावर चार निळसर डाग दिसले, एका ओळीत, बोटांच्या पेरांएवढे.

"हे काय?"

"दाराची कडी लागली," तुरतुरी म्हणाली.

मी नोंदवहीत लिहिलं: कारण, दाराची कडी. पोर अशक्त आहे, रक्त कमी असेल, म्हणून डाग पटकन उमटतात. तिच्या आईला चिठ्ठी लिहून पालेभाज्या द्यायला सांगितलं.

संध्याकाळी घरी जेवताना हे म्हणाले, "दाराच्या कडीला चार बोटं असतात का?" मी म्हटलं, "तुम्ही जन्मभर शिलाई मशीन चालवलं, तेवढंच बघा." बोलण्यात मी कधी हरत नाही.


शुक्रवार, २० सप्टेंबर

काडी आज विचारत होती, "सिस्टरआजी, तुम्हाला पट्ट्या गुंडाळायला कुणी लागतं का? मी रोज मधल्या सुट्टीत येईन." मी हसले. म्हटलं, "सुट्टीत खेळायचं सोडून म्हातारीजवळ बसणार? जा, उन्हात जा, चार उड्या मार. अंगात रक्त भरेल."

तुरतुरी दारातच उभी होती. म्हणाली, "चल गं. आजी म्हणतायत ना, खेळायचं."

तिला मी आज निळा बिल्ला दिला. दरवर्षी एका मुलीला देते, "दवाखान्याची सोबती" असं त्यावर लिहिलेलं असतं. बिल्ला असला की तास चालू असतानाही वर्गाबाहेर पडायला बाईंची परवानगी लागत नाही. मी तिला सांगितलं, "काडीवर लक्ष ठेव हं. तिला एकटं सोडू नकोस." तिने छाती पुढे काढून मान हलवली.


मंगळवार, १ ऑक्टोबर

काडी जिन्यावरून पडली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावरून सात पायऱ्या. उजवं मनगट मोडलं, ओठ फाटला. मी फळीचा आधार बांधला, शिपाईमामांनी रिक्षा आणली, इस्पितळात मी सोबत गेले. प्लास्टर घातलं. तिची आई धावत आली, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"कशी पडलीस बाळा?" आईने विचारलं.

"पडले," काडी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

काडी पडली तेव्हा तुरतुरी सोबतच होती. रडत होती.

आज आणखी लिहीत नाही.


बुधवार, २ ऑक्टोबर

काल एक गोष्ट लिहिली नाही. वही माझी, कुलूप माझं, तरी लिहिली नाही. आज लिहिते.

पडण्याआधी काडी माझ्याकडे आली होती. एकटी.

दोन खाटांवर दोन तापाची मुलं होती. एकाने नुकतीच ओकारी केली होती, मी पुसत होते. दारात काडी उभी. मी मान वर न करता विचारलं, "काय दुखतंय?"

"काही नाही."

"मग?"

"आजी, थोडं..." एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, "आणि एकटी कशी? नियम ठाऊक आहे ना? जा, तुरतुरीला घेऊन ये, मग बघते."

ती जागची हलली नाही. मी फडकं पिळलं आणि पुन्हा म्हटलं, "जा की!" आवाज चढला होता माझा. तेव्हा ती गेली. वीस मिनिटांनी जिन्यात आरडाओरडा झाला.

नोंदवहीत ही भेट नाही. सोबत नसली की मी नोंद करतच नाही, परत पाठवते. म्हणजे ती आली होती हे फक्त तिला माहीत आहे आणि मला.


शुक्रवार, ४ ऑक्टोबर

मोठ्या बाईंनी नोंदवही मागवली. काडीचे आईवडील सोमवारी येणार आहेत.

बाईंनी पानं चाळली आणि त्यांचा चेहरा खुलला. "सिस्टर, तुमची वही म्हणजे सोनं आहे! हे बघा. जूनपासून अकरा वेळा ही मुलगी पडलीय, आपटलीय, अडखळलीय. मुलगीच धांदरट आहे. आपला जिना काय करणार? नोंदी स्वच्छ आहेत, तारखेसकट. काळजीचं कारण नाही."

"आणि ती मुलगी?"

"प्लास्टर निघालं की येईल वर्गात. त्याच बाकावर बसवू, मैत्रीण आहे ना सांभाळायला."

मी वही घेऊन खाली आले. दार लावलं. पहिल्यांदाच ती वही मी लिहायला नाही, वाचायला उघडली.

पडलेल्या पोराचे गुडघे सोलतात, तळहात सोलतात, हनुवटी फुटते. चोवीस वर्षं मी तेच धुतलेत. काडीच्या अकरा नोंदींत गुडघा एकदाही नाही. दंड, पाठ, मानेमागे, कानामागे केस उपटलेली जागा. "कारण" या रकान्यात जे लिहिलंय ते एकदाही काडीच्या तोंडचं नाही. आणि शेवटच्या रकान्यात अकरा वेळा एकच नाव, माझ्या वळणदार अक्षरात.

चोराच्या हाती किल्ल्या देणारे लोक मी पाहिलेत. वर बिल्लाही लावणारी मी एकटीच.

तिला बोलायला या खोलीशिवाय दुसरी जागा नव्हती. आणि इथे यायचं तर मारणाऱ्या हाताला धरूनच यायचं, असा नियम मी केला होता. एकदा ती एकटी आली. तिला किती बळ एकवटावं लागलं असेल! आणि मी तिला परत पाठवलं. "तुरतुरीला घेऊन ये" म्हटलं.


शनिवार, ५ ऑक्टोबर

ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, "तू तरी काय करणार" असं म्हणतील. माणूस घरात समजूत काढून घ्यायलाच बोलतो.

हे बराच वेळ गुडघा चोळत बसले. मग म्हणाले, "सदरा उलटा शिवला गेला तर काय करायचो मी?"

"उसवायचात."

"गिऱ्हाइकासमोर?"

"नाही, मागच्या खोलीत."

"आणि गिऱ्हाईक तो घालून रस्त्यात गेलं असेल तर?"

उत्तरही ह्यांनीच दिलं, "तर मागे पळावं लागतं गं. लोक हसतात. पण पळावं लागतं."

सूनबाई स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "आई, नोकरी गेली तर जाऊ दे. आमच्या कानांची सवय मोडली होती, ती पुन्हा होईल." हसले आणि मग रडले. झोप मात्र लागली नाही. मनात एकच येत होतं. मी गप्प राहिले तर कुणाला काही कळणार नाही. काडीही सांगणार नाही. ती माझ्यावर प्रेम करते म्हणून नाही, तिने आता कुणालाच काही सांगायचं नाही असं ठरवलंय म्हणून. आणि तेही मीच शिकवलंय.


सोमवार, ७ ऑक्टोबर

मोठ्या बाईंची खोली. एका बाजूला काडीची आई आणि वडील. ते बस चालवतात, रजा काढून आले होते. काडी मध्ये, प्लास्टरमधला हात मांडीवर.

बाईंनी माझी वही टेबलावर उघडी ठेवली. "आम्ही सगळ्या नोंदी ठेवतो. तुमची मुलगी जरा नाजूक आहे, वारंवार पडते."

काडीची आई म्हणाली, "बाई, आमची पोर घरी काचेचा पेला फोडत नाही. शाळेतच कशी पडते हो?"

"मुलं शाळेत धावतात. आणि काही त्रास होता तर तिने सांगायला हवं होतं. दवाखाना दिवसभर उघडा असतो, सिस्टर तिथेच असतात. ती बोलली का कुणाला? नाही."

वडील काडीकडे वळले. "बोलायचं होतंस ना गं तू. तोंड होतं ना तुला?"

काडीने खालचा ओठ आत घेतला. टाके होते त्यावर.

मी म्हटलं, "ती आली होती."

बाई म्हणाल्या, "सिस्टर, तुमची पाळी आली की विचारते."

"माझी पाळी मंगळवारीच आली होती, बाई. मी घालवली. ही मंगळवारी एकटी माझ्याकडे आली होती, काहीतरी सांगायला. मी तिला हाकललं. सोबत घेऊन ये म्हटलं. वहीत तुम्हाला ते दिसणार नाही, मी लिहिलंच नाही."

मी उभी राहिले, कारण बसून मला ते बोलवेना. वहीवर बोट ठेवून एकेक नोंद सांगितली. इथे दंड, इथे पाठ, इथे मान. अशा जागा पडून दुखावत नाहीत, हे मला कळतं, तरी मी लिहिलं "पडली". सांगत होती दुसरीच. सोबतीचं नाव वाचा, अकरा वेळा वाचा.

काडीच्या आईने माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "तुम्ही चिठ्ठी पाठवली होती. पालेभाज्या द्या म्हणून. मी रोज देत होते हो."

या एका वाक्याने मी जेवढी मेले तेवढी कशानेच नाही.

मग काडी बोलली. टाक्यांमुळे अस्पष्ट. "तिने ढकललं. आजींकडे एकटी का गेलीस, म्हणून."

वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मोठ्या बाईंनी वही मिटली.


मंगळवार, ८ ऑक्टोबर

तुरतुरीला बोलावलं. एकटीला. बाईंनी तिच्या घरी कळवलंय, तिला दोन आठवडे शाळेबाहेर ठेवणार. त्याआधी मला तिच्याशी बोलायचं होतं. खरं तर चार शब्द सुनवायचे होते.

ती आली, बिल्ला स्वतःच काढून टेबलावर ठेवला.

"का केलंस गं?"

"तुम्हीच म्हणालात, तिला एकटं सोडू नकोस."

"मारायला सांगितलं होतं?"

टेबलावरचा बिल्ला बोटाने फिरवत ती म्हणाली, "ती दुसऱ्या मुलींशी बोलायला लागली होती. मला सोडून." नाक पुसलं. "आणि मी तिला लागेल असं काही केलं की मग तिला खाली घेऊन यायचे. तुम्ही मला शहाणी म्हणायचात. घरी मला कुणी शहाणी म्हणत नाही."

सुनवायचे चारही शब्द राहूनच गेले. म्हणजे मी नुसती आंधळी नव्हते. खाऊही घालत होते. लिंबाच्या गोळ्या.

"तुझं कधी काही दुखतं का?" मी विचारलं.

"मला कोण आणणार होतं?" ती म्हणाली.

हिलाही मी कधी तपासलं नव्हतं. धडधाकट होती ना! मी सांगितलं, "शाळेत परत आलीस की रोज मधल्या सुट्टीत इथे यायचं. एकटीने. बिल्ला मिळणार नाही, गोळीही नाही. बसायचं." तिने मान हलवली की नाही, कळलं नाही.


मंगळवार, २२ ऑक्टोबर

मला लेखी समज मिळाली. "नोंदींत गंभीर हलगर्जीपणा." बाईंनी ती देताना नजर चुकवली. मी सही केली. शब्द बरोबर आहेत.

दवाखान्याची रीत बदललीय. सोबत आलेल्याने बाहेरच्या बाकावर थांबायचं. दार बंद. दुखणाऱ्याने आत एकट्याने यायचं, आणि काही दुखत नसेल तरी यायचं. "कारण" या रकान्यात मुलाचे स्वतःचे शब्द लिहायचे, माझे नाहीत. आणि जखम नि शब्द जुळले नाहीत तर त्याच दिवशी मी वर्गशिक्षकांकडे आणि घरी जाते. शिपाईमामा म्हणाले, "सिस्टर, बाकावर एवढी गर्दी! तिकीट लावू का?"

पहिल्या आठवड्यात पाचवीतला एक गुटगुटीत मुलगा आला. दार लावून म्हणाला, "आजी, उद्या सुटल्यावर माझ्या भावाला गेटाबाहेर मारणार आहेत. मला माहितीये कोण." उद्या. म्हणजे अजून व्हायचं होतं. मी त्याच पावली वर गेले, आणि दुसऱ्या दिवशी गेटाबाहेर तीन शिक्षक आणि मी उभे होतो. कुणाला काही लागलं नाही. वहीत त्या दिवशी उपचाराचा रकाना कोरा राहिला.

घरी येऊन आनंद व्हायला हवा होता. जिन्याच्या सात पायऱ्याच दिसत राहिल्या. हे एवढं सोपं होतं? दार लावायचं आणि गप्प बसायचं, एवढंच? चोवीस वर्षं जमलं नाही?

तुरतुरी कालपासून येते. बसते. अजून बोलत नाही.

काडी मात्र येणार नाही. तिच्या वडिलांनी बसचा दुसरा मार्ग मागून घेतला आणि त्या बाजूच्या शाळेत तिचं नाव घातलं. दाखला न्यायला तिची आई आली होती. मी दारात उभी होते. ती थांबली नाही. थांबावं असं मला वाटलं, हेच चूक.


सोमवार, ४ नोव्हेंबर

शाळेच्या कार्यालयातून पत्ता मागून काडीला पत्र लिहिलं. पाकिटावर तिच्या आईचं नाव घातलं, द्यायचं की नाही ते तिने ठरवावं. तीन कागद फाडले. एकात फार रडले होते, एकात फार शहाणपण होतं, एकात माफी इतक्यांदा मागितली होती की बिचारीला मलाच गप्प करावं लागलं असतं. चौथा पाठवला. तो इथे उतरवून ठेवते.

"बाळा,

तुझं प्लास्टर निघालं असेल. हात कोमट पाण्यात धरून बोटं हळू हळू मीट, उघड. दुखलं तर थांब, आणि दुखतं हे मोठ्याने सांग.

तू त्या दिवशी आलीस ते बरोबर केलंस. मी तुला परत पाठवलं ते चुकलं. तू धांदरट नाहीस. वहीत मी अकरा ठिकाणी खोटं लिहिलं होतं, त्या प्रत्येकाखाली आता लाल शाईने खरं लिहिलंय आणि सही केलीय. मोठ्या बाईंनीही केलीय.

मला माफ कर असं मी म्हणत नाही. ते ओझं तुझ्या अंगावर नको. राग आला असेल तर येऊ दे, तो तुझा आहे.

तुझ्या नव्या शाळेत दवाखाना आहे का? तिथल्या सिस्टरांकडे एकटीने जाता येतं का? जाता येत नसेल तर मला कळव, मी स्वतः येऊन त्यांना सांगेन की हा नियम कोणी केला आणि त्याने काय झालं.

आणि त्या मंगळवारी तू म्हणालीस, 'आजी, थोडं...' त्याच्या पुढचं मी ऐकलं नाही. सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तर हात कसा आहे तेवढंच कळव. उजव्याने जमत नसेल तर डाव्याने लिही, दोनच ओळी लिही. पण लवकर लिही."